एकास पाच

ज्या लोणी देवकर गावी माझा जन्म झाला आणि जिथे सरकारी चाकरीतून मोकळा झाल्यावर मी पुन्हा बिऱ्हाड थाटले, त्या गावात उंच म्हणण्याजोग्या गोष्टी तीनच आहेत: पाण्याची टाकी, औद्योगिक वसाहतीतील कारखान्यांची छपरे, आणि उसाच्या दराचा विषय निघाला म्हणजे चढणारा आमच्या मंडळींचा आवाज. बाकी सारा मुलूख परातीत थापलेल्या भाकरीसारखा सपाट. एका अंगाला उजनीचा फुगवटा, दुसऱ्या अंगाला माळ आणि मधून पुणे-सोलापूर रस्ता. अशा प्रदेशात वाढलेल्या माणसाला चढउतार ठाऊक असतो तो तापाचा आणि डाळिंबाच्या बाजाराचा. पायांना त्याची ओळख नसते.

म्हणूनच शेजारच्या एका गावच्या शिवारात जो एक मुरमाड उंचवटा होता, त्याचा आम्हा पंचक्रोशीतील लोकांस त्याच्या उंचीच्या मानाने फारच अभिमान वाटत असे. गावाचे नाव मी लिहीत नाही. कारण हरकतीची मुदत संपली असली तरी त्या गावाशी असलेली आमची सोयरीक अद्याप संपलेली नाही. त्या उंचवट्यावर कुसळी गवत होते, चार बाभळी होत्या, माथ्यावर बिरोबाचे एक लहानसे ठाणे होते, आणि त्याचे उपयोग पिढ्यान्‌पिढ्या ठरलेले होते. मेंढपाळांनी तिथे मेंढरे चारावीत, तरुणांनी मोबाइलला रेंज मिळावी म्हणून चढावे, आणि ज्याचे घर बांधून होई त्याने अंगणात टाकण्यास तिथून मुरूम आणावा. मी स्वतः दोन वर्षांपूर्वी, पावसाळ्यात अंगणात चिखल होतो अशी घरातून तक्रार आल्यावरून, तीन ब्रास मुरूम तिथून आणवला होता. ब्रास म्हणजे १०० घनफूट. ही बाब ओघात नोंदवून ठेवतो. पुढील हकीकतीशी तिचा काही संबंध आहे असे मला त्या वेळी वाटले नव्हते.

हकीकतीचा आरंभ माझ्या भाच्यापासून होतो. पुण्यास राहणारा हा भाचा एका रविवारी एक गुळगुळीत, रंगीत माहितीपत्रक घेऊन अवतीर्ण झाला. त्याच्या मुखपृष्ठावर धुक्यात बुडालेली निळी शिखरे होती, उतारावर लाल कौलांचे बंगले होते, आणि पुढे सोनेरी केसांचा एक बालक फुलपाखराच्या मागे धावत होता. बंगल्यांच्या भोवती जे वृक्ष उभे होते ते निःसंशय देवदार होते. लोणी देवकराच्या शेजारी देवदार उगवलेले पाहून मी चष्मा पुसला. खाली ठळक अक्षरांत लिहिले होते: ‘डोंगराच्या कुशीत, ढगांच्या शेजारी.’

"हा कुठला डोंगर?" मी विचारले.

"मामा, तुम्ही मुरूम आणला ना, तोच."

"तिथे खरंच ढग येतात?" आतून आमच्या सौभाग्यवतींनी विचारले.

"आपल्या तालुक्यात ढग येतात ते पुढच्या गावची वाट विचारायला," मी म्हणालो. परंतु हे उत्तर ऐकण्यास त्या तिथे थांबल्या नव्हत्या. भाच्याने सांगितलेला ‘सुरुवातीचा दर’ त्यांच्या कानी पडला होता, आणि संध्याकाळपर्यंत ११ हजार रुपयांचा इसार देऊन आमच्या घराण्याने दीड गुंठा ढग राखून ठेवले होते.

भाच्याचे म्हणणे असे की, टेकडी म्हणजे सोने. पुण्यात १९९७ साली महापालिकेत आलेल्या गावांपैकी २३ गावांच्या आराखड्यात ९७८ हेक्टर टेकड्यांवर जैवविविधता उद्यानाचे आरक्षण पडले, आणि ते मंजूर होईपर्यंत २०१५ साल उजाडले. इतकी वर्षे लोक ज्या वस्तूसाठी भांडतात ती वस्तू मोलाचीच असली पाहिजे, हे त्याचे तर्कशास्त्र. मी त्यास म्हणालो की, लोक बांधावरूनही तीन पिढ्या भांडतात, आणि तो बांध अवघा हातभर असतो. त्यावर तो म्हणाला, "म्हणूनच म्हणतो मामा, टेकडी घ्या."

आता इथे थोडे विषयांतर करावे लागते. कारण आमच्या इंदापूर तालुक्याचा जमिनीच्या मोजमापाशी जो ऋणानुबंध आहे तो पुण्याच्या लोकांस ठाऊक नसतो. मुंबई इलाख्यात रयतवारीची जी मोजणी आणि आकारणी पुढे नमुना म्हणून सर्वत्र लागू झाली, तिचा श्रीगणेशा गोल्डस्मिड आणि विंगेट या दोन साहेबांनी १८३५-३६ साली आमच्याच इंदापुरात केला. त्या पद्धतीत मातीचे नऊ वर्ग ठरले, वर्गाची किंमत आण्यांत ठरली, आणि जमिनीच्या अंगचे दोष मोजून तिचा वर्ग खाली उतरवण्याची रीत पडली. चुनखड हा दोष, प्रमाणाबाहेर वाळू हा दोष, आणि वाचकांनी कृपया नोंद घ्यावी, उतार हाही दोष. म्हणजे ज्या काळी रयतेच्या जमिनीचा उतार हा उणेपणा समजून तिचा सारा कमी होत होता, त्याच काळी साहेब स्वतः उन्हाळा लागताच महाबळेश्वरचा चढ चढत होता. माळावरचा उतार हा दोष आणि बंगल्याखालचा उतार हा गुण, हा भेद तेव्हापासूनचा. भाच्याने त्यात नवे काही केले नाही. त्याने फक्त आण्यांच्या जागी चौरस फूट आणले.

असो. इसार देऊन पंधरा दिवस झाले नाहीत तोच चावडीवर एक जाहीर सूचना लागली. सदर जमीन शेतीच्या पट्ट्यातून काढून रहिवासी पट्ट्यात घालण्याची दरखास्त आली असून, १९६६ च्या प्रादेशिक व नगररचना अधिनियमान्वये लोकांनी आपल्या हरकती व सूचना मुदतीत दाखल कराव्यात, असा तिचा मजकूर. मी कुतूहलाने दरखास्तीची नक्कल मिळवून वाचली आणि थक्क झालो. माहितीपत्रकात ज्या डोंगराच्या कुशीत ढग लोळत होते, त्याच डोंगराविषयी अर्जदार शपथेवर लिहीत होता की, ‘सदर मिळकत सर्वसाधारणपणे सपाट असून तिच्यात नजरेस येण्याजोगा चढउतार नाही.’

यामागचे इंगित पुढे कळले. नियम असा आहे की, ज्या जमिनीचा उतार एकास पाच किंवा त्याहून अधिक आहे, म्हणजे पाच फूट पुढे जाताना जिथे एक फूट वा अधिक वर चढावे लागते, तिथे बांधकामास परवानगी नाही. तेव्हा गिऱ्हाइकासाठी डोंगर आणि सरकारसाठी सपाटी, अशी दुहेरी भूमिका त्या बिचाऱ्या उंचवट्यास वठवावी लागत होती. पण दोष एकट्या अर्जदाराचा तरी कसा म्हणावा? ज्या गावकऱ्यांनी त्या उंचवट्याला आजवर ‘तो माळ’ याहून मोठा किताब दिला नव्हता, त्यांच्या हरकतींत एका रात्रीत तो ‘पर्वत’ झाला. एकाने तो ‘अनादिकालापासून’ असल्याचे नमूद केले, दुसऱ्याने त्यास सह्याद्रीची शाखा ठरवले. आणि ज्याच्या हरकतीत ‘गिरिशिखर’ हा शब्द दोनदा आणि ‘पर्वतराजी’ हा शब्द एकदा आला होता, तो हरकतदार मीच.

मी हरकत का घेतली, हा प्रश्न विचारण्याचा वाचकांस अधिकार आहे. ज्या माणसाने पस्तीस वर्षे इतरांच्या हरकतींवर आवक क्रमांक टाकले, त्याला मरण्यापूर्वी एक हरकत स्वतःची असावी असे वाटणे अस्वाभाविक नव्हे. शिवाय हिशेबही सोपा होता. हरकत मान्य झाली तर टेकडी वाचवल्याचे पुण्य, फेटाळली गेली तर दीड गुंठा. दोन्ही डगरींवर हात ठेवणाऱ्याची शेवटी काय गत होते हे आपल्या भाषेने फार पूर्वी सांगून ठेवले आहे, परंतु डगर आपली असली म्हणजे म्हण आठवत नाही.

यथावकाश सुनावणीची नोटीस निघाली, आणि निघाली ती नाहीशी झाली. याचे कारण आमच्या गावाचे नाव. पुणे जिल्ह्यात लोण्यांना तोटा नाही: हवेलीत लोणी काळभोर आहे, लोणी कंद आहे, आंबेगावात लोणी धामणी आहे, बारामतीत लोणी भापकर आहे. लिफाफ्यावर पत्ता लिहिणाऱ्या हाताने ‘लोणी’ इतके लिहून उसंत घेतली असावी. कारण माझी नोटीस या सर्व लोण्यांचे दर्शन घेत, ‘सदर इसम येथे राहत नाही’ असे शेरे पाठीवर मिरवीत, सुनावणीची तारीख उलटल्याच्या तिसऱ्या दिवशी मला पोचली. सुदैवाने सुनावणीही झाली नव्हती. कारण अर्जदाराची नोटीसही दुसऱ्याच कुठल्या लोणीत मुक्कामास होती.

दरम्यान त्या गावची ग्रामसभा भरली. कायद्याप्रमाणे सभेस एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यांपैकी जी संख्या कमी असेल तितके लोक हजर असावे लागतात. पाव्हणा म्हणून मी मागच्या ओळीत जाऊन बसलो तेव्हा हजेरी अकरा होती, त्यातले दोघे मंडपवाले. मंडपासाठी जागा सारखी करण्यास सकाळीच चार ट्रॉल्या मुरूम त्या उंचवट्यावरून आला होता, तो पायाखाली ताजा करकरत होता. गणपूर्तीअभावी सभा तहकूब झाली. सर्वांनी चहा घेतला. तहकूब सभेला गणपूर्तीची आवश्यकता नसते, ही लोकशाहीतील एक अत्यंत विचारपूर्वक केलेली तरतूद आहे. तिचा लाभ घेऊन त्याच मंडपात, त्याच खुर्च्यांवर, त्याच अकरा जणांची दुसरी सभा विधिपूर्वक सुरू झाली.

अर्जदाराच्या वतीने आलेल्या तरुणाने नकाशा उलगडून सांगितले की, माथ्यावर ६० हजार लिटरची टाकी होईल. तेव्हा पहिल्या ओळीतले एक वृद्ध गृहस्थ उठले.

"पाणी वर चढणार कसं?"

"पाइपने, बाबा. मोटर बसवणार."

"आमच्या सपाट आळीत पाइपातनं चौथ्या दिवशी येतंय. त्याला टेकडी चढाया सांगताय तर आधी आळीत चालाया शिकवा."

टाळ्या पडल्या. ठराव मात्र असा झाला की, ‘प्रस्तावास ग्रामसभेचा विरोध असून, तो मंजूर झाल्यास रस्ता व समाजमंदिर अर्जदाराने बांधून द्यावे.’ ठराव सर्वानुमते संमत झाला. मंडपवाल्यांनीही हात वर केले होते.

पुढचा टप्पा स्थळपाहणीचा. पाहणीस येणाऱ्या साहेबांची जीप आदल्या खेपेस ओढ्यात रुतली होती, म्हणून या खेपेस रस्ता करून ठेवण्यात आला. रस्त्याला मुरूम लागतो, आणि मुरूम कुठून आणला हे आता सांगावयास नको. साहेब आले, टेकडीकडे पाहिले, नकाशाकडे पाहिले, आणि पुन्हा टेकडीकडे पाहून म्हणाले, "नकाशावर मोठी दिसते."

मग मोजणी सुरू झाली, आणि मला आयुष्यात प्रथमच उमजले की टेकडीचा माथा सर्वांस मान्य असतो. वाद असतो तो पायथ्याचा. अर्जदाराचा मोजणीदार म्हणाला, टेकडीचा चढ ओढ्यापासून सुरू होतो. आणि त्याने फीत ओढ्यापासून धरली, तेव्हा उतार निघाला एकास सात. हरकतदारांचे पुढारी म्हणाले, ओढ्यापासून कशी? टेकडी त्या काळ्या खडकापासून. तिथून फीत धरली तेव्हा निघाला एकास चार. साहेबांनी मधोमध एक बाभूळ पाहून तिच्यापासून मोजण्याचा हुकूम केला, आणि उतार निघाला बरोबर एकास पाच. निसर्गाने इतका काटेकोर न्याय केलेला पाहून साहेबांस घाम फुटला. शेवटी त्यांनी जवळच काठीवर हनुवटी टेकून हा सारा सोहळा पाहत असलेल्या एका मेंढपाळास बोलावले.

"काय हो, ही टेकडी म्हणायची की माळ?"

मेंढपाळाने माथ्याकडे पाहिले, पायथ्याकडे पाहिले, मेंढरांकडे पाहिले. "चढताना डोंगर हाय सायेब, उतरताना माळ."

पंचनाम्यात हे उत्तर घेतले गेले नाही, कारण रकान्यात ‘होय’ किंवा ‘नाही’ एवढीच जागा होती. पुढच्या रकान्यात ‘दरड कोसळण्याचा संभव आहे काय’ असे विचारले होते. ते वाचताच तेच वृद्ध गृहस्थ म्हणाले, "आधी पाऊस पडू द्या, मग दरडीचं बघू." हेही घेतले गेले नाही. साहेबांनी ‘फेरमोजणी आवश्यक’ असा शेरा मारला आणि जीप नव्या मुरमावरून आवाज न करता निघून गेली.

अखेर जिल्ह्याच्या ठिकाणी सुनावणीचा दिवस उजाडला. मी धुवट धोतर नेसलो, कोशाची टोपी घातली, कागदांची पिशवी काखेत मारली आणि पहाटेची एस.टी. पकडली. मनातल्या मनात भाषणाचे तीन खंड पाडले होते: पहिल्यात निसर्ग, दुसऱ्यात परंपरा, तिसऱ्यात पुढील पिढ्या. दुपारी चार वाजता माझा पुकारा झाला. मी ‘गिरिशिखर’ या शब्दापर्यंत पोचलो असेन नसेन, तोच अधिकारी महाशयांनी हात वर केला.

"आजोबा, मुदतीत हरकत दिल्याची पोचपावती आहे ना? ती द्या आधी."

मी पिशवीत हात घातला आणि जी पावती प्रथम हाती आली ती अत्यंत रुबाबात मेजावर ठेवली. अधिकाऱ्यांनी ती वाचली. मग त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला आणि पुन्हा वाचली. भाच्याच्या माहितीपत्रकातील देवदार पाहून मी जसे केले होते, अगदी तसे.

"‘डोंगराच्या कुशीत’, प्लॉट क्रमांक सतरा, इसार रुपये ११ हजार," त्यांनी सावकाश मोठ्याने वाचले. "आपण हरकतदार की गिऱ्हाईक?"

दालनात हशा पिकला. अर्जदाराचे वकील अतिशय आदराने उठून म्हणाले की, खुद्द हरकतदारांचा प्रकल्पावर इतका विश्वास असल्याचे पाहून आपल्या अशिलास भरून आले आहे. मी काही खुलासा करू लागलो. परंतु जेव्हा माझ्या मागून आणखी दोघा हरकतदारांनी आपापल्या पिशव्या हळूच बंद केल्याचा आवाज मला आला, तेव्हा मी एकटा नाही एवढेच समाधान मानून खाली बसलो. परतीच्या गाडीत आम्ही तिघे एकाच बाकावर बसलो होतो आणि इंदापूर येईपर्यंत कोणी प्लॉट क्रमांक विचारला नाही.

निकाल यावयास सात महिने लागले, आणि तो आला तेव्हा आमच्या बाजूने आला. सर्व बाजूंचा, अहवालांचा आणि नकाशांचा साकल्याने विचार करता सदर जागेचा उतार एकास पाचाहून अधिक असल्याचे निष्पन्न होत आहे, सबब ती टेकडी आहे, सबब दरखास्त फेटाळण्यात येत आहे. मी मोठ्या आनंदाने त्या गावी धावलो. पेढे न्यावेत की नारळ, असा विचार करीत ओढा ओलांडला, काळा खडक शोधला, बाभूळ शोधली, आणि उभा राहिलो.

टेकडी नव्हती.

मंडपाखाली गेली होती, रस्त्याखाली गेली होती, फेरमोजणीच्या साहेबांसाठी केलेल्या दुसऱ्या रस्त्याखाली गेली होती, आणि उरलेली, टेकडी आता वाचणार अशी बातमी लागल्यावर ज्यांना ज्यांना ‘वाचण्याआधी दोन ब्रास’ हवे होते त्यांच्या अंगणांत गेली होती. बिरोबाचे ठाणे तेवढे कोणी हलवले नव्हते. ते एका सुळक्यावर आकाशात उभे होते आणि पहिल्यांदाच खऱ्याखुऱ्या गिरिशिखरासारखे दिसत होते. त्याच्या भोवती प्रशस्त खड्डा होता. त्यात वळवाच्या एका सरीचे पाणी साठले होते, आणि काठावर तोच मेंढपाळ मेंढरांना पाणी पाजीत बसला होता. निकालाची प्रत माझ्या हातात होती. तिच्यात टेकडीच्या चतुःसीमा अचूक होत्या, सही होती, शिक्का होता. फक्त मध्ये टेकडी नव्हती.

"आता ह्याला काय म्हणायचं?" मी त्याला विचारले.

"आता उतरताना डोंगर हाय," तो म्हणाला, "आन्‌ चढतानाबी."

पुढल्या रविवारी भाचा आला, तो नवे माहितीपत्रक घेऊन. मुखपृष्ठावर निळेशार सरोवर होते, त्यात भिगवणहून बोलावल्यासारखे रोहित पक्षी एका पायावर उभे होते, आणि तोच सोनेरी केसांचा बालक आता होडीत बसला होता. ‘तळ्याच्या काठी’ असे नव्या योजनेचे नाव. जुना इसार आपोआप इकडे वर्ग झाला आहे, असे त्याने सांगितले. हरकतीची मुदत कधी सुरू होते, हे विचारण्यास माझे तोंड उघडले आणि सौभाग्यवतींच्या मुद्रेकडे पाहून मिटले.

हल्ली मी सायंकाळी अंगणात खुर्ची टाकून बसतो. पावसाची सर आली तरी चिखल होत नाही. तीन ब्रास मुरूम चांगला बसला आहे. परवा आमची ही चहा घेऊन आली आणि म्हणाली, "टेकडीवर राहायचं राहूनच गेलं, नाही?" मी पायांतली वहाण काढली, तळवा मुरमावर टेकवला आणि म्हणालो, "राहतोय की. सपाट केली एवढंच."